आई नाव चुकते तेव्हा तिच्या मेंदूत काय चाललेलं असतं

गेल्या महिन्यात तासगावला घरी गेले होते. आई ओट्यापाशी उभी होती आणि तिला मला हाक मारायची होती. आधी मावशीचं नाव आलं, मग वहिनीचं, मग माझ्या पुतणीचं आणि चौथ्या खेपेला माझं. आता हे आमच्याकडे मी लहान असल्यापासून असंच चालत आलंय, पण या वेळी माझं नाव सापडल्यावर तिला जे सांगायचं होतं ते ती बोललीच नाही. हातातलं फडकं बाजूला ठेवलं, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही गं. मला तर आता चौऱ्याहत्तरावं लागलं."

तिच्या आवाजात भीती होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या बाबतीत एक प्रकार झाला (तो पुढे सांगते), तेव्हापासून ती स्वतःवरच पाळत ठेवून असते, चष्मा सापडला नाही तरी तिला वाटतं की झालं, सुरू झालं. आणि मला माहितीये की घरोघरी हेच आहे, साठी ओलांडलेली कितीतरी माणसं आतल्या आत हीच भीती घेऊन बसलेली असतात आणि कुणाला बोलत नाहीत. मी डॉक्टर नाही, पण आईच्या त्या प्रकारानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले, तिच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि त्यातून जे कळलं ते इथे सरळ आपल्या भाषेत लिहितेय. माझं म्हणणं एवढंच आहे की वयामुळे मेंदूत होणारे बदल वेगळे आणि आजाराने होणारे वेगळे, आणि आपण दोन्ही एकाच पोत्यात भरून वर "वय झालं" अशी चिठ्ठी लावतो. त्यामुळे धडधाकट माणूस उगाच घाबरतो आणि ज्याला खरंच औषधाची गरज आहे तो तसाच राहतो.

आधी त्या नावांचंच घेऊ. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात काही संशोधकांनी बरोबर याच चुकीचा अभ्यास केला, २०१६ साली तो छापून आला. सतराशेच्या वर लोकांना विचारलं की तुम्हाला कुणी चुकीच्या नावाने हाक मारलीये का, किंवा तुम्ही कुणाला मारलीये का. निघालं असं की आपण कुठलंही नाव घेत नाही, घरातल्याला हाक मारताना घरातल्याच दुसऱ्याचं नाव येतं, मित्राला मारताना मित्राचं. म्हणजे मेंदूत नावं सुटी सुटी पडलेली नसतात, जिव्हाळ्याच्या माणसांची सगळी नावं एका कप्प्यात असतात आणि घाईत हात घातला की शेजारचं नाव हाताला लागतं. घरातल्या कुत्र्याचं नावसुद्धा त्याच कप्प्यात सापडलं! आणि मुख्य म्हणजे हे कॉलेजातली पोरंही करतात. यात म्हातारपणाचा संबंध नाही, माया आणि घाई याचा आहे.

आता मूळ विषय. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण तेराशे ते चौदाशे ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण आपण खातो त्यातली वीस टक्के ऊर्जा एकटा खातो. त्यात न्यूरॉन म्हणजे मेंदूच्या मुख्य पेशी किती, तर सुमारे ८६ अब्ज. हा आकडा सुझाना हर्कुलानो-हौझेल या ब्राझीलच्या बाईंच्या टीमने २००९ मध्ये मोजून काढला, त्याआधी सगळीकडे शंभर अब्ज असं ठोकून दिलेलं असायचं. पण खरी गंमत पेशींच्या संख्येत नाही, त्यांच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्यांमध्ये आहे, एकेका पेशीच्या हजारो जोडण्या असतात. आपण शिकतो, विसरतो, सवय लावतो ते सगळं या जोडण्या घट्ट किंवा सैल होण्यातून.

आणि मेंदू वयाबरोबर बदलतो म्हटलं की आपल्याला म्हातारपणच आठवतं, पण सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती लहानपणी. जन्माला आलेल्या बाळाचा मेंदू असतो साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा आणि सहाव्या वर्षापर्यंत तो मोठ्या माणसाच्या नव्वद टक्के होऊन बसतो. शिकागोच्या पीटर हुटेनलोचर यांनी सत्तरच्या दशकात, मृत्यू झालेल्या माणसांच्या मेंदूचे तुकडे मायक्रोस्कोपखाली धरून त्यातल्या जोडण्या मोजल्या, नवजात बाळापासून नव्वदीच्या माणसापर्यंत. त्यांना दिसलं की एक-दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूच्या पुढच्या भागात मोठ्या माणसापेक्षा सुमारे दीडपट दाट जोडण्या असतात आणि सोळाव्या वर्षापर्यंत त्या कमी होत जातात. म्हणजे वाढत्या वयात मेंदू जोडण्या तोडतो!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काही पटेना. मग दादाची द्राक्षबाग डोळ्यासमोर आली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते तेव्हा नवख्या माणसाने बघितलं तर त्याला वाटेल बागच मोडून टाकली, नुसते खुंट उभे. पण ती छाटणी झाली नाही तर वेल नुसता फोफावतो, आणि पुढे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडच धरत नाही. मेंदूचंही तसंच, जी जोडणी वापरात आहे ती राहते, जी वापरात नाही ती जाते, आणि उरलेल्यांना चांगला रस मिळतो. त्याच काळात मेंदूतल्या लांब तारांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढत जातं, विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं ना तसंच, आणि त्याने निरोप कितीतरी पटीने जोरात धावतो. हे काम मागून पुढे सरकत येतं आणि कपाळामागचा भाग, जो थांबायचं कुठे, विचार करायचा कधी हे बघतो, तो सगळ्यात शेवटी तयार होतो, पंचविशीच्या आसपास. सोळा वर्षांच्या पोराला अक्कल नाही असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा ब्रेक अजून बसवायचाच चाललेला असतो हे लक्षात ठेवलं तर घरातली निम्मी भांडणं कमी होतील असं मला मनापासून वाटतं.

मग उतार कधी लागतो? चाळिशीनंतर मेंदूचं आकारमान दर दहा वर्षांना साधारण पाच टक्क्यांच्या आसपास कमी होत जातं आणि सत्तरीनंतर त्याचा वेग आणखी थोडा वाढतो. पण सगळीकडे सारखं नाही. कपाळामागचा भाग जास्त आक्रसतो, नवीन आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा कानाच्या पातळीवर आत खोल असलेला छोटासा भाग आहे तो आक्रसतो, आणि डोळ्यांकडून आलेलं चित्र पहिल्यांदा घेणारा मागचा भाग फारसा हलत नाही.

आक्रसतो म्हणजे पेशी मरतात असं बरेच जण समजतात, रोज लाखो पेशी मरतात वगैरे आपण शाळेपासून ऐकलंय. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये वीस ते नव्वद वयाच्या माणसांच्या मेंदूतल्या पेशी नीट मोजल्या, तर एवढ्या सत्तर वर्षांच्या फरकात मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या न्यूरॉनमध्ये घट निघाली सुमारे दहा टक्के. बास. मग आकार कमी कशाने होतो, तर पेशींच्या फांद्या विरळ होतात, जोडण्या कमी होतात, मायलिनचं आवरण जागोजाग झिजतं, बारीक रक्तवाहिन्या कडक होतात. झाडं बहुतेक तिथेच असतात, पानं विरळ होतात.

याचा रोजच्या जगण्यात सगळ्यात पहिला परिणाम म्हणजे वेग. टिमथी सॉल्टहाउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर आयुष्यभर काम केलं, त्याचं म्हणणं असं की म्हातारपणी बुद्धी कमी झाल्यासारखं जे दिसतं त्यातला बराचसा भाग हा नुसता वेग कमी झाल्याचा असतो. हे मी आईवर बघितलंय. पुतण्याने तिला कुणाचा तरी फोन नंबर सांगितला, पोरं सांगतात तसा एका दमात, आणि आईने चार आकडे लिहिले आणि पेन थांबलं. तो म्हणाला, "आजी, तुला लक्षात राहत नाही." मग मी तोच नंबर दोन-दोन आकड्यांनी, मध्ये श्वास घेत सांगितला. तिने सगळा लिहिला आणि संध्याकाळी वही न बघता मावशीला सांगितला. तिची आठवण शाबूत होती, तिला फक्त आत घ्यायला वेळ हवा होता. दुकानात पैसे देताना, बँकेत काउंटरवर, फोनवरच्या त्या "एक दाबा, दोन दाबा"वाल्या बाईशी, सगळीकडे जग आपल्या आईवडिलांशी त्या पोराच्या वेगाने बोलतं आणि ते गोंधळले की आपण म्हणतो डोकं चालत नाही.

दुसरं, गाळणी सैल होते. तरुण मेंदू नको ते आवाज बाजूला सारतो, वय वाढलं की ते सारणं अवघड जातं, म्हणून मिक्सर चालू, टीव्ही चालू, त्यात कुणी काही सांगितलं की ते डोक्यात शिरतच नाही. तिसरं म्हणजे नावं जिभेवर येऊन अडकणं. त्यातही विशेषनामं जास्त, कारण "सुतार" या व्यवसायाच्या शब्दाला करवत आहे, लाकूड आहे, भुसा आहे, दहा धागे आहेत, पण "सुतार" हे आडनाव असेल तर ते एका बारीक धाग्याला लटकलेलं असतं, तो धागा हलका झाला की माणूस पूर्ण आठवतो, त्याचं घर आठवतं, त्याच्या मुलीच्या लग्नातलं जेवण आठवतं, आणि नाव येत नाही. मग रात्री अकरा वाजता अंथरुणात अचानक येतं. नाव हरवलेलं नसतंच, फक्त वाट सापडत नसते.

आणि मेंदू काही गप्प बसून झीज बघत राहत नाही. रोबर्टो काबेझा यांनी २००२ मध्ये स्कॅनमध्ये दाखवलं की आठवणीचं जे काम तरुण माणूस कपाळामागच्या एकाच बाजूने करतो, तेच काम चांगलं जमणारी वयस्कर माणसं दोन्ही बाजूंनी करतात. एकट्याने न पेलणारं ओझं उचलायला शेजाऱ्याला हाक मारावी तसं.

आता म्हणीकडे येते. साठी बुद्धी नाठी. के. वॉर्नर शाय यांनी अमेरिकेतल्या सिएटलमध्ये १९५६ साली एक अभ्यास सुरू केला, त्याच माणसांना दर सात वर्षांनी बोलावून परीक्षा घ्यायची, आणि हे दशकानुदशकं चाललं. त्याआधी लोक काय करायचे, तर आजचा पंचवीस वर्षांचा माणूस आणि आजचा सत्तर वर्षांचा माणूस शेजारी बसवून मार्क बघायचे आणि म्हणायचे बघा किती घसरण झाली. पण सत्तरीतल्या माणसाला शाळाच कमी मिळाली होती, त्याचं काय? माझी आई सातवी शिकलेली, मी एमकॉम, आम्हा दोघींना एकच पेपर दिला तर तिचे कमी मार्क हे वयाचे की शाळेचे? शाय यांनी माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली तेव्हा चित्र पालटलं, वेग आधीपासून कमी होत होता हे खरं, पण बऱ्याचशा क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकून होत्या. साठीला बुद्धी जाते असं त्यात कुठेही निघालं नाही.

उलट काही गोष्टी वाढतात. रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले होते, एक नवीन कोडं झटपट सोडवायची बुद्धी आणि दुसरी साठत गेलेल्या ज्ञानाची, अनुभवाची. पहिली विशीत जोरात असते, दुसरी साठत राहते. २०१५ मध्ये हार्टशॉर्न आणि जर्मीन या दोघांनी इंटरनेटवरून पन्नास हजारांच्या जवळपास लोकांच्या चाचण्या घेतल्या, त्यात दिसलं की झटपटपणा अठरा-एकोणिसाव्या वर्षीच शिखरावर असतो, समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याच्या मनातलं ओळखणं चाळिशी-पन्नाशीत सगळ्यात चांगलं असतं आणि नंतर हळूहळू उतरतं, आणि शब्दसंग्रह तर साठीच्या शेवटी, सत्तरीच्या सुरुवातीला शिखर गाठतो. म्हणजे माणूस सगळ्याच बाबतीत हुशार असं कुठलंच एक वय नाही. द्राक्षाच्या सीझनला व्यापारी बांधावर येतो तेव्हा दादा मोबाइलवर दर बघतो आणि आई त्या माणसाकडे बघते. एका वर्षी तिने सांगितलं की याला माल उधार देऊ नको, रोख दिले तरच तोड करू दे. दादाने ऐकलं. तो व्यापारी त्या वर्षी गावातल्या तीन जणांचे पैसे बुडवून गेला. आईला विचारलं तुला कसं कळलं, तर तिला सांगता येईना, म्हणाली, फार गोड बोलत होता आणि घड एकदाही हातात घेऊन बघितला नाही.

हाताच्या आठवणींचंही तसंच. आठवण ही एकच गोष्ट नाही, काल काय झालं ही एक आठवण, भारताची राजधानी कुठली ही दुसरी, आणि पुरण शिजलं की नाही हे डाव उभा करून कळणं ही तिसरी. पहिली वयाने सगळ्यात जास्त ढिली होते, दुसरी टिकते, तिसरी तर मेंदूच्या वेगळ्याच भागांत मुरलेली असते आणि ती फार उशिरापर्यंत राहते. म्हणून काल जेवायला काय होतं हे न आठवणारी आजी आरत्या मात्र एक ओळ न चुकता म्हणते.

बरं, हा मेंदू मोठेपणी नव्याने घडतो का? लंडनमध्ये काळ्या टॅक्सी चालवायला परवाना लागतो आणि त्यासाठी शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या आतले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली सोळा टॅक्सीवाल्यांचे एमआरआय काढले आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. लोक म्हणाले की ज्यांचा आधीच मोठा असेल तेच टॅक्सीवाले होत असतील. मग त्यांनी शिकाऊ ७९ जणांना सुरुवातीपासून धरलं, त्यातले ३९ पास झाले, आणि २०११ मध्ये दाखवलं की सुरुवातीला सगळे सारखेच होते, शिकून पास झालेल्यांचाच तो भाग वाढला होता. ही सगळी मोठी, संसारी माणसं होती, शाळेतली पोरं नव्हेत.

त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक प्रयोग छापून आला तो मला त्याहून जवळचा वाटतो, कारण त्यात काही पाठ करायचं नव्हतं. पंचावन्न ते ऐंशी वयाच्या १२० माणसांचे दोन गट केले, एका गटाने आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालायचं, दुसऱ्याने नुसतं अंग ताणायचं. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्के वाढला होता आणि दुसऱ्या गटाचा दीडेक टक्का कमी झाला होता. दोन टक्के म्हणजे एक-दोन वर्षांची झीज भरून निघाली. चपला घालून बाहेर पडण्याने.

आता तो दोन वर्षांपूर्वीचा प्रकार. आई अचानक वेगळी वागायला लागली. दूध उतू जाणं एकदा ठीक आहे, आठवड्यात तीनदा झालं. तोच प्रश्न पाच मिनिटांनी पुन्हा. बायका जमल्या की कोपऱ्यात गप्प बसायची, जी आई गप्प बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. पायाला मुंग्या येतात म्हणायची, चालताना भिंतीला हात लावायची. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर उत्तर मिळालं, वय झालंय, होणारच. आणि मला आजही वाईट याचं वाटतं की आम्हीही ते मान्य केलं, आठ महिने गेले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि व्हिटॅमिन बी १२ अगदी तळाला गेलेलं. आई शुद्ध शाकाहारी, शुगरची मेटफॉर्मिन चालू, आणि दहा वर्षं रोज सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची गोळी, मेडिकलमधून स्वतःच आणलेली. ही दोन्ही औषधं लांब काळ घेतली तर बी १२ शरीरात नीट शोषलं जात नाही. मायलिन नीट राहायला हेच बी १२ लागतं, म्हणजे तिच्या तारांवरचं आवरणच उपाशी होतं. इंजेक्शनं सुरू झाली, तीन-चार महिन्यांत आई पुष्कळशी परत आली. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, उशीर झाला होता.

म्हणून हात जोडून सांगते, घरातलं माणूस विसरायला लागलं, गोंधळायला लागलं तर आधी तपासा. बी १२, थायरॉइड, शुगर, सोडियम. कुठली औषधं चालू आहेत ती सगळी पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, झोपेच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही वयस्कर माणसाचं डोकं गढूळ होतं. उदासी असली तरी तंतोतंत विसराळूपणासारखी दिसते. पडून डोक्याला मार लागला असेल आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी माणूस वेगळं वागत असेल तर लगेच हॉस्पिटल, आत रक्त साचलेलं असू शकतं. आणि जे माणूस एका दिवसात, दोन दिवसांत बदललं तेही थांबायचं प्रकरण नाही.

कानाचं तर वेगळं सांगायला हवं. आईला कमी ऐकू यायला लागून पाच वर्षं झाली असतील, टीव्हीचा आवाज रस्त्यावर ऐकू जायचा, पण मशीन नको, लोक बहिरी म्हणतील. जी गोष्ट कानात नीट शिरलीच नाही ती लक्षात राहणार कुठून? आणि अर्धवट ऐकलेलं जुळवण्यातच मेंदूची ताकद जाते, माणसं टाळली जातात, एकटेपण येतं. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची (म्हणजे आठवण, विचार आणि रोजचे व्यवहार ढासळत जाण्याच्या आजाराची) आपल्याला काही करता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली, त्यात कमी ऐकू येणं सगळ्यात वजनदार कारणांपैकी आहे. बाकी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट, दारू, एकटेपण, नजर कमी होणं, हवेचं प्रदूषण, कमी शिक्षण अशी यादी आहे आणि त्यांचा हिशोब असा की हे सगळं सांभाळलं तर जवळजवळ ४५ टक्के केसेस टळू शकतात किंवा पुढे ढकलता येतात. यातलं बीपी चाळिशी-पन्नाशीतच बघायचं असतं, म्हणजे हे आईसाठी नाही, माझ्यासाठी आहे, तुमच्यासाठी आहे.

डिमेन्शिया म्हणजे नुसतं विसरणं नव्हे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगुस्ट डेटर नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या बाईंना आणलं, त्यांना स्वतःचं नाव लिहिता येईना, आपण स्वतःला हरवून बसलोय असं त्या म्हणायच्या. डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. बाई १९०६ मध्ये गेल्या तेव्हा त्यांनी मेंदू तपासला आणि पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि आत पडलेल्या गुंत्या बघितल्या, तोच हा अल्झायमरचा आजार, डिमेन्शियाचा एक प्रकार. फरक ओळखायची सोपी खूण अशी: किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वयाचं, हातातली किल्ली कशासाठी असते हे न कळणं आजाराचं. आठवण करून दिल्यावर "अरे हो" म्हणणं वयाचं, ती गोष्ट झालीच नव्हती असं वाटणं आजाराचं. रोजच्या वाटेवर चुकणं, आयुष्यभर केलेला हिशोब न जमणं, स्वभाव पालटणं हे वयाचं नाही. आपल्या देशात साठीच्या वरच्या शंभरातल्या सातेक जणांना डिमेन्शिया आहे, एकूण सुमारे ८८ लाख माणसं, बायकांमध्ये आणि खेड्यांत जास्त. आकडा मोठा आहे, त्याची काळजी घ्यायलाच हवी, पण शंभरातल्या नव्वदच्या वर माणसांना नाही हेही तेवढंच खरं.

आणि मेंदूची शिल्लक हा प्रकार असतो. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ नन्सचा अभ्यास झाला, त्यांनी मरणोत्तर मेंदू दिले. त्यातल्या एक सिस्टर १०१ वर्षांच्या होऊन गेल्या, शेवटपर्यंत चाचण्यांमध्ये चांगले मार्क, आणि मेंदू उघडून बघितला तर आजाराच्या खुणा भरलेल्या. जोडण्यांची एवढी पुंजी होती की खर्च होऊनही पुरली. ही पुंजी फक्त शाळेने येते असंही नाही. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या टीमने डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटचा अभ्यास केला, २०१३ मध्ये छापून आला, त्यात दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. आजार टळला नाही, पुढे गेला. पण साडेचार वर्षं म्हणजे एका नातवाचं बालपण. आईचं माहेर अथणीचं. मावशीशी फोनवर तासभर कानडीत आणि फोन ठेवल्या ठेवल्या आमच्याशी मराठीत, अशी साठ-सत्तर वर्षं तिचा मेंदू दोन भाषांमध्ये ये-जा करत आलाय, आणि आम्ही तिला कधी शिकलेली मानलं नाही.

एक काम मात्र वहिनीने फार चांगलं केलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी ती बारीक अक्षरात लिहायची, "आई आज तेच दोनदा म्हणाल्या", "दूध उतू गेलं", "मावशींचा वाढदिवस स्वतःहून आठवला." डॉक्टरांनी ती पानं बघितली आणि म्हणाले की तुमच्या सगळ्या सांगण्यापेक्षा हे कामाचं आहे, कधीपासून आणि किती वेळा हे यातून कळतं. वहिनी अजून लिहिते, आता महिन्यात दोन-तीन नोंदी असतात. मशीनही आता आई लावते, बाहेर जाताना पदर डोक्यावरून घेते म्हणजे दिसत नाही.

त्या दिवशी ओट्यापाशी मी तिला ते नावांच्या कप्प्याचं सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, कुत्र्यापर्यंत आले तेव्हा तिने मला थांबवलं. "अगं, आपला मोत्या होता ना, तू चौथीत होतीस तेव्हा. दादाला मी दिवसातून चार वेळा मोत्या म्हणायचे आणि तो रुसून गोठ्यात जाऊन बसायचा. एकदा पाऊस पडत होता, तुझे बाबा त्याला पोत्याची खोळ घालून घरात घेऊन आले." मी हे पार विसरले होते. ती उठली, फडकं उचललं आणि या वेळी पहिल्याच फटक्यात माझं नाव घेऊन म्हणाली, "वरचं ते जर्मनचं पातेलं काढून दे, मघाशी त्याच्यासाठीच हाक मारत होते."